व्हॉल्ट नंबर १३, तालुका नांदगाव

होस्टेलमध्ये रात्री दीड वाजता तीनच जमाती जाग्या असतात. एक कुत्री, दुसरे सबमिशनवाले आणि तिसरे गेमवाले. मी सीझनप्रमाणे दुसऱ्या-तिसऱ्या जमातीत ये-जा करत असतो. माझ्या लॅपटॉपला ग्राफिक कार्ड नाही, त्यामुळे नवीन गेम टाकला की तो आधी पिठाच्या गिरणीसारखा आवाज करतो आणि मग शांतपणे बंद पडतो. म्हणून मी जुने गेम खेळतो. जुने म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीचे. त्यातलाच एक 'फॉलआउट', साल १९९७.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे बहुतेक स्टाफसाठी आणि पहिल्या बेंचवरच्या मंडळींसाठी) थोडक्यात सांगतो. २३ ऑक्टोबर २०७७ रोजी अणुयुद्ध होतं आणि दोन तासांत जग आटोपतं. काही नशीबवान माणसं जमिनीखाली बांधलेल्या 'व्हॉल्ट' नावाच्या बंकरमध्ये शिरून वाचतात. त्यांची पुढची पिढी कधीतरी बाहेर येते आणि उजाड अमेरिकेत फिरायला लागते. दोन डोक्यांच्या गाई, म्हशीएवढे विंचू, गंजलेल्या मोटारी, आणि पैसा म्हणून कोल्ड्रिंकच्या बाटलीची झाकणं! पहिला भाग कॅलिफोर्नियात घडतो. २००८ चा तिसरा भाग वॉशिंग्टनमध्ये, २०१० चा लास वेगासजवळ, २०१५ चा बॉस्टनमध्ये, २०१८ चा वेस्ट व्हर्जिनियात. २०२४ मध्ये त्यावर वेबसिरीज आली, तीही पुन्हा कॅलिफोर्नियातच. म्हणजे जग सगळ्यांचं संपतं, पण दाखवायचं ते अमेरिकेतलंच.

माझा रूम पार्टनर इलेक्ट्रिकलचा, सटाण्याचा. त्याला मी एकदा विचारलं, "हे सगळं नाशिकमध्ये झालं असतं तर?" तो म्हणाला, "काही फरक पडला नसता भाऊ. त्र्यंबक रोडला तसेच खड्डे." तिथून वाद सुरू झाला तो मेसमध्ये, टपरीवर आणि एकदा तर ओरलच्या रांगेतही चालू राहिला. त्याचं म्हणणं, हा गेम अमेरिकेबाहेर चालणारच नाही. माझं म्हणणं, चालेल. पण गेम बदलावा लागेल. दोन महिन्यांच्या भांडणातून जे उरलं ते इथे लिहितोय.

आधी त्याची बाजू, कारण ती मजबूत आहे. 'फॉलआउट'ची खरी गंमत बॉम्बमध्ये नाही, बॉम्बच्या आधीच्या स्वप्नात आहे. या गेमच्या जगात दुसऱ्या महायुद्धानंतर इतिहासाला वेगळा फाटा फुटतो. ट्रान्झिस्टरचा शोध फार उशिरा लागतो, त्यामुळे २०७७ मध्येही व्हॅक्यूम ट्यूबच. मोटारी अणुशक्तीवर चालतात, घरात रोबो, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाच्या जाहिराती. १९५० च्या दशकातल्या अमेरिकेने जे भविष्य पाहिलं होतं ते पूर्ण खरं झालं आणि मग जळालं. जळक्या भिंतीवर ती हसरी जाहिरात अजून लटकलेली असते, आणि खेळणाऱ्याला हसू आणि काटा एकदम येतो. पार्टनर म्हणायचा, "आपल्या आजोबांकडे १९५५ साली सायकल नव्हती. जळायला काय होतं आपल्याकडे?"

(ज्यांनी अकरावीला सीबीएसईचं इंग्रजी वाचलं असेल त्यांना इतिहासाचा फाटा नवीन नाही. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत पानिपताची लढाई मराठे जिंकतात आणि नायक त्या दुसऱ्या इतिहासात जाऊन पडतो. तीच कथा त्या पुस्तकात इंग्रजीत आहे. म्हणजे 'असं झालं असतं तर' हा खेळ आपल्याकडे मराठीत केव्हाच खेळून झालाय.)

आता माझी बाजू. जग संपल्याचे गेम इतर देशांतही झाले, आणि जिथे चांगले झाले तिथे त्यांनी अमेरिकेची नक्कल केली नाही. युक्रेनमधल्या कीव्हच्या कंपनीने २००७ मध्ये 'स्टॉकर' काढला. तो चेर्नोबिलच्या बंदिस्त पट्ट्यात घडतो. २६ एप्रिल १९८६ ला तिथली अणुभट्टी फुटली तेव्हा हे गेम बनवणारे, नाहीतर त्यांचे आईबाप, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर राहत होते. त्यांना पडकी शहरं कल्पनेने काढावी लागली नाहीत. प्रिप्यात जाऊन फोटो काढता आले. २०१० चा 'मेट्रो २०३३' मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत घडतो. तिथे प्रत्येक स्टेशन म्हणजे एक छोटा देश, आणि चलन म्हणजे बंदुकीची काडतुसं. 'फॉलआउट'च्याच इंजिनवर काही हौशी मंडळींनी 'फॉलआउट : लंडन' बनवून जुलै २०२४ मध्ये फुकट वाटला. तिघांतही भीती तिथलीच आहे. युक्रेनला अणुभट्टीची, मॉस्कोला जमिनीखाली लपण्याची, आणि इंग्रजांना बहुधा रांग मोडण्याची!

उलटंही झालंय. २००८ मध्ये 'फॉलआउट ३' भारतात यायचा होता. मायक्रोसॉफ्टने सांगितलं की भारतातल्या सांस्कृतिक संवेदनशीलतेचा विचार करून आम्ही हा गेम इथे आणत नाही. नक्की कारण दिलं नाही, पण बहुतेकांचा अंदाज गाईवर गेला. कारण त्या दोन डोक्यांच्या गाईला गेममध्ये 'ब्राह्मीन' म्हणतात, ती ओझी वाहते आणि तिचं मांसही खातात. जपानमध्ये त्याच गेममधली एक बंदूक बदलली. मूळ गेममध्ये छोटा अणुबॉम्ब फेकणाऱ्या त्या बंदुकीचं नाव 'फॅट मॅन', म्हणजे नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बचंच नाव. एक अख्खं गाव अणुबॉम्बने उडवायचा पर्यायही जपानी आवृत्तीतून काढला. ऑस्ट्रेलियाने गेममधल्या मॉर्फीनवर आक्षेप घेतला, तर त्या औषधाचं नाव सगळ्या जगासाठीच बदललं. एकच गेम, पण एका देशात जो विनोद तो दुसऱ्या देशात जखम. म्हणून नुसता नकाशा बदलून भागत नाही. न्यूयॉर्कच्या जागी नाशिक आणि बर्गरच्या जागी मिसळ टाकली की झाला भारतीय गेम, असं नाही.

मग परकी गोष्ट आपली कशी करायची? त्यासाठी फार लांब जायला नको, मालेगावला जा. आपल्याच जिल्ह्यातल्या या पॉवरलूमच्या गावात शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला, आणि पुढे मालेगावचा सुपरमॅनही उडवला. त्यावर २००८ मध्ये फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंटरी केली आणि ती जगभर गाजली. सुपरमॅन झालेला माणूस प्रत्यक्षात लूमवर काम करणारा, हडकुळा. त्याचा शत्रू परग्रहावरचा नाही. गावातला तंबाखूच शत्रू. अमेरिकन सुपरमॅनला जे कधी दिसलंच नसतं, ते त्याला दिसतं. माझ्या मते 'फॉलआउट : नाशिक' करायचा तर तो मालेगावच्या रीतीने करायला हवा. आपल्याला रोज काय टोचतं, तिथून सुरुवात.

एका रविवारी आम्ही ड्रॉइंग शीटच्या मागच्या बाजूला नकाशा काढायला बसलो. आणि मित्रांनो, खरं सांगतो, नाशिक हे या गेमसाठीच वसवलंय की काय असं वाटायला लागलं!

नाशिकरोडच्या प्रेसपासून सुरू करू. १९२८ पासून तिथे नोटा छापतात. आता कल्पना करा, जग संपलंय आणि तुम्ही चार लोखंडी दारं तोडून आत गेलात. समोर कोऱ्या करकरीत नोटांचे डोंगर. आणि त्यांचा उपयोग? चूल पेटवायला! अमेरिकेतला खेळाडू झाकणं गोळा करतो, आपला खेळाडू पाचशेच्या गड्डीवर चहा उकळणार. एका रात्रीत नोटेचा कागद होणं म्हणजे काय हे समजावायला आपल्याला अणुयुद्ध लागत नाही, ८ नोव्हेंबर २०१६ पुरे.

मग ओझरचा विमान कारखाना. तिथे मिग बनली, नंतर सुखोई. पार्टनरच्या मते गेममधली सगळ्यात माजलेली टोळी तिथे राहणार, कारण त्यांच्याकडे यंत्रं आहेत. देवळालीला तोफखान्याचं स्कूल, म्हणजे दुसरी टोळी, आणि तिच्याशी कोणी भांडणार नाही. एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र इलेक्ट्रिकलवाल्याच्या वाट्याला आलं. त्याने अर्धा तास लेक्चर दिलं. कोळसा असून भागत नाही. बंद पडलेलं केंद्र पुन्हा चालू करायलाच आधी बाहेरून वीज लागते, आणि वाफेसाठी, थंड करण्यासाठी गोदावरीचं पाणी लागतं. "म्हणजे तुझ्या गेममध्ये लाइट येणार नाही," त्याने निकाल दिला. मी म्हटलं, "ठीक आहे. ते खेळाडूला सवयीचं आहे."

लासलगावला तर गेम लिहिणाऱ्याने काही कल्पनाच करायची गरज नाही. तिथे २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र उभं राहिलं. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडतात, म्हणजे त्याला कोंब फुटत नाहीत. कांदा किरणोत्सारी होत नाही, फक्त जास्त टिकतो. २००७ मध्ये अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडलं ते इथूनच, हापूसवर हेच किरण सोडून. सगळं जग ज्या किरणांना घाबरून जमिनीखाली पळालं, त्याच किरणांसमोर आम्ही कांद्याची पोती ठेवली. आता याहून जास्त 'फॉलआउट' काय असतं सांगा!

दोन डोक्यांची गाय आपल्याला नको, कारण आपल्याकडे दुतोंड्या मारुती आहे. गोदेला पूर आला की नाशिककर क्युसेक विचारत नाहीत. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं का, छातीला लागलं का, हे विचारतात. सप्टेंबर २००८ चा आणि ऑगस्ट २०१६ चा पूर नाशिककरांनी असाच मोजला. वर गंगापूरचं धरण मातीचं आहे. देखभाल करणारं कोणी उरलं नाही तर त्याचं काय होईल हे सिव्हिलवाल्यांनी सांगावं, पण गेममध्ये खेळाडूला रामकुंडावर उभं राहून मारुतीकडे बघावंच लागणार.

आणि व्हॉल्ट? व्हॉल्ट तयार आहेत, पांडवलेण्यांत. एकूण २४ लेणी, आणि दोन हजार वर्षं टिकलेली. कुठल्याही कंपनीने इतकी गॅरंटी दिलेली नाही. 'फॉलआउट'मध्ये मोडक्या कॉम्प्युटरवर मेलेल्या माणसांच्या नोंदी सापडतात, त्या वाचत वाचत गोष्ट कळते. पांडवलेण्यांत त्या नोंदी दगडावर आहेत. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. त्याचा मजकूर साधारण असा : त्याने ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा १ व्याजाने. १००० दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही. व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना कपड्यांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. हे सगळं निगमसभेत ऐकवून नोंदवलं. राजा गेला, राज्य गेलं, ते चलनही गेलं, पण वीस माणसांच्या कपड्यांचा हिशेब भिंतीवर शिल्लक आहे. आमच्या मेसचा गेल्या महिन्याचा हिशेब कोणाला सापडत नाही!

इथपर्यंत सगळी मजाच होती. मग पार्टनरने विचारलं, "नकाशा झाला. पण खेळाडूने करायचं काय?" आणि तिथे मी जरा गप्प झालो. कारण पहिल्या 'फॉलआउट'मध्ये काय करायचं असतं ते मला आठवलं.

त्यात तुम्ही व्हॉल्ट नंबर १३ मध्ये राहत असता. तिथली पाणी शुद्ध करणारी यंत्रणा ज्या चिपवर चालते ती चिप बिघडते. तुम्हाला बाहेर काढून सांगतात, दुसरी चिप शोधून आण. मुदत १५० दिवस. १५० दिवसांनी व्हॉल्टमधलं पाणी संपणार. वाटेत 'हब' नावाचं व्यापाऱ्यांचं गाव लागतं. तिथल्या पाण्याच्या व्यापाऱ्यांना पैसे दिले की ते तुमच्या व्हॉल्टकडे पाण्याचा तांडा पाठवतात आणि तुम्हाला आणखी १०० दिवस मिळतात. पण मग व्हॉल्टचा ठावठिकाणा बाहेर फुटतो.

माझं गाव नांदगाव तालुक्यात. नाशिक म्हटलं की बाहेरच्यांना द्राक्षं आणि गोदावरी दिसते, पण जिल्ह्याचा हा कोपरा वेगळा आहे. डोंगराची पाऊसछाया, बाजरी, मका, कांदा. २०१३ च्या उन्हाळ्यात मी आठ वर्षांचा होतो. गावाला टँकर यायचा. तो पाणी वाटत नसे. गावच्या विहिरीत पाइप सोडून रिकामा होत असे. मग पोहरे पडायचे. पाच-दहा मिनिटांत तळ ढवळून निघायचा आणि वर यायचं ते चहाच्या रंगाचं पाणी. आजी हंड्यात तुरटी फिरवायची, मोजून, एकाच दिशेने, आणि आम्हाला हात लावू द्यायची नाही. ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल पावडर टाकून गेला की दोन दिवस पाण्याला वास यायचा. 'फॉलआउट ३'ची मुख्य गोष्टही पाणी शुद्ध करण्याचीच आहे. तिथे त्यासाठी वॉशिंग्टनच्या एका स्मारकात मोठी यंत्रणा उभारतात आणि शास्त्रज्ञ जीव देतात. आमच्याकडे तेच काम आजी दोन रुपयांच्या तुरटीवर करायची.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा आजीला हा गेम दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. विचारलं, "हा कुठं चाललाय?" म्हटलं, "पाणी शोधायला." म्हणाली, "मग यात खेळ कसला रे?"

मग ती ७२ च्या दुष्काळाचं सांगायला लागली. ते मी आधीही ऐकलं होतं, पण या वेळी नीट ऐकलं. रोजगाराच्या कामावर खडी फोडायची, मुलांना सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेचा मिलो यायचा, लाल ज्वारी, तिची भाकरी कशी व्हायची नाही ते. मी विचारलं, "तेव्हा लोक एकमेकांवर उठले नाहीत का? मारामाऱ्या, लूटमार?" गेममध्ये तेच असतं ना. ती म्हणाली, "भांडणं झाली की. पण दुसऱ्या दिवशी त्याच्याशेजारीच बसून खडी फोडायची होती ना."

हे मला गेमपेक्षा महत्त्वाचं वाटलं. अमेरिकन गेममध्ये जग संपलं की एकटा माणूस उरतो. एक माणूस, एक बंदूक, फार तर एक कुत्रा. आपल्याकडे जेव्हा जेव्हा थोडंफार जग संपलं तेव्हा माणूस एकटा उरलाच नाही, गर्दीच उरली. एप्रिल-मे २०२० मध्ये मुंबई-आग्रा रोडवर वाहनं नव्हती, पण रस्ता रिकामा नव्हता. बायकापोरं घेऊन माणसं कसाऱ्याचा घाट चालत चढत होती. १ मे च्या रात्री नाशिकरोडहून भोपाळला मजुरांची पहिली रेल्वे सुटेपर्यंत आणि नंतरही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. गेममध्ये असतं तर त्या रेल्वेवर दरोडा पडला असता. प्रत्यक्षात लोक स्टेशनवर तिला बघायला आले होते.

टोळ्या मात्र आपल्याकडेही आहेत, आणि त्यांची लढाई पाण्यावरच आहे. पाऊस कमी झाला की नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही, यावर दरवर्षी आंदोलनं, कोर्ट, मोर्चे. २००५ च्या कायद्यात समन्यायी वाटप आलं. २०१३ च्या मेंढेगिरी समितीने सूत्र दिलं की १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्यांनी पाणी सोडावं. वरचे म्हणतात आमची द्राक्षं जळतात, खालचे म्हणतात आमची माणसं तहानलीत. दोघंही खोटं बोलत नाहीत. गेम लिहिणारे डोकं फोडून असा पेच शोधतात, जिथे कोणतंही बटण दाबलं तरी कोणाचं तरी नुकसान होतं. आपल्याकडे तो दरवर्षी पेपरात येतो.

आता पार्टनरची पाळी. नकाशावर सटाणा आल्यावर तो म्हणाला, "माझ्याकडे एक गाव आहे, तुझ्या युद्धानंतरही तिथे पाणी येईल." आणि त्याने फड सांगितले. मी नाशिक जिल्ह्याचा असूनही मला त्याची नीट माहिती नव्हती. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर, बागलाणात आणि धुळ्याकडे, तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून छोटे बंधारे आहेत. बंधाऱ्याने नदीची पातळी थोडी उचलायची, पाटाने पाणी नुसत्या उताराने शेतापर्यंत न्यायचं. पंप नाही, वीज नाही, डिझेल नाही. भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि दरवर्षी फडांची पिकं बदलायची. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर हवालदार. सगळे गावाने नेमलेले. आणि यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट अशी की एका शेतकऱ्याची जमीन साधारण वेगवेगळ्या फडांत असते. पाणी कमी पडलं तर एखादा फड त्या वर्षी कोरडा ठेवायचं गाव मिळून ठरवतं. तोटा एकावर येत नाही, सगळ्यांवर थोडा थोडा येतो.

"म्हणजे तुमच्याकडे भांडणच नाही?" मी विचारलं.

"भांडण रोज. पण पाळी मोडायची नाही."

वरची धरणं आणि बांधाबांधावरच्या विहिरी-बोअर यांमुळे बरेच फड आता मोडकळीला आलेत, हेही त्यानेच सांगितलं. पण आमच्या गेमचा मुख्य प्रश्न तिथे सुटला. 'फॉलआउट : नाशिक'मध्ये खेळाडूने चिप शोधायची नाही. त्याने गाळात गेलेला एक बंधारा मोकळा करायचा, पाट साफ करायचा, आणि मग सगळ्यात अवघड काम, पाणीवाटपाची पाळी लावायची. ओझरवाले, देवळालीवाले, लासलगावचे कांदेवाले, सगळ्यांना एका वहीत बसवायचं. बंदूक असू दे, पण तिने पाळी लागत नाही हे गेमने दाखवायचं.

इंजिनीअर म्हणून आपल्याला यात कुठली जागा असेल? विश्वेश्वरय्यांची पहिली नेमणूक १८८४ साली नाशिकलाच झाली होती, सहाय्यक अभियंता म्हणून. पुढे धुळ्याला पांझरा नदीच्या पात्राखालून त्यांनी पाइपचा सायफन नेला. इंजिनीअर्स डेला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, पण ते आपल्याच रस्त्यावरून खान्देशात गेले हे कोणी सांगत नाही. आणि खरं सांगू का, जग संपल्यावर आपल्या कॉलेजमध्ये सगळ्यात भाव कोणाला येईल? वर्कशॉपच्या मामांना! जे लेथच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय हे सांगतात, आणि तुटलेल्या फाइलचा पंच बनवतात. डिपार्टमेंटचे टॉपर त्यांच्यामागे हातोडी घेऊन फिरतील. आमच्या गेममध्ये मामांना हरवता येत नाही, असा नियमच आहे.

होस्टेलबद्दल वेगळं सांगायला नको. एक दार, ठरलेली वेळ, ठरलेलं जेवण, बाहेर काय चाललंय याची फारशी माहिती नाही, आणि वर एक पर्यवेक्षक (रेक्टर सर, हलके घ्या). व्हॉल्टची व्याख्या हीच. उन्हाळ्यात टाकी संपते तेव्हा पहिल्या मजल्यावर बादल्यांची रांग कोण लावतो ते बघा. पुढे तोच पाटकरी होणार.

आता शेवटचं. 'फॉलआउट' संपल्यावर एक-एक चित्र येतं आणि आवाज सांगतो की त्या त्या गावाचं पुढे काय झालं. अमुक गाव भरभराटीला आलं. तमुक गावात साथ आली. आणि एखाद्या गावाबद्दल एकच वाक्य असतं, लोक हळूहळू गाव सोडून गेले. कोणी मारलं नाही, बॉम्ब पडला नाही. नुसते गेले.

गेल्या उन्हाळ्यात वडिलांनी मला विचारलं, "तुला नोकरी लागली की जमीन ठेवायची का? का विकून तिकडे नाशकात काहीतरी बघायचं?" आवाज अगदी साधा, जसं बियाणं कुठलं घ्यायचं विचारतात तसा. आमची विहीर फेब्रुवारीत तळ गाठते. बोअर एकदा मारला, कोरडा गेला. पुन्हा मारायचं कर्ज कोण काढणार? त्यांच्या हिशेबात चूक काढता येत नाही. मी अजून उत्तर दिलेलं नाही. पण गेम संपवताना आता मला त्या एका वाक्याच्या गावाचं चित्र बघवत नाही. त्या गावाला स्वतःचं नावही नसतं कधीकधी. आमच्या गावाला आहे.

म्हणून मी आणि पार्टनरने एक ठरवलंय. गेम काही आम्ही बनवू शकत नाही, तेवढं आमच्या लॅपटॉपला झेपणार नाही. पण फायनल इयरला प्रोजेक्ट तर करावाच लागतो. दरवर्षीप्रमाणे लाइन फॉलोअर रोबो करायच्याऐवजी आमच्या गावातल्या आठ विहिरींत पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर सोडायचे, आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रोज लिहायचे. कोणाच्या विहिरीत किती आहे हे सगळ्यांना एकदम दिसलं तर पाळीची गोष्ट निदान बोलता येईल. त्याने पाणी वाढणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "आकडे लिहून काय होणार?" आजी म्हणाली, "लिहू दे. निदान सुट्टीत गावी तरी येईल."

तर प्रोजेक्ट गाईड सरांनी हा लेख वाचला असेल अशी आशा आहे. सर, टायटल सबमिट करायची तारीख जवळ आली आहे. नकार द्यायचा असेल तर कृपया आधी पांडवलेण्यांच्या दहाव्या लेण्यात जाऊन यावं. तिथेही कोणीतरी हिशेब भिंतीवरच लिहिला होता!